एक जिना, बारा कुटुंबं

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या एका कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा जीव गेला. पोलिसांनी त्या दिवशी जी माहिती दिली, ती नीट वाचली पाहिजे. ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या; प्राथमिक तपासात दिसलं ते असं, की माणसं धुराने गुदमरली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत, खाली दुकान आणि वर घर असलेल्या एकमजली वास्तूत, पहाटेच्याच वेळी पुन्हा एका कुटुंबातली सात माणसं गेली. त्यांत लहान मुलं होती. त्याच्या बरोबर वर्षभर आधी, ६ ऑक्टोबर २०२३ ला, गोरेगावच्या जय भवानी इमारतीत रात्री तीनच्या सुमारास पार्किंगमध्ये आग लागली. तिथे साठवलेल्या जुन्या कपड्यांनी आणि वाहनांनी पेट घेतला, धूर वर चढला आणि किमान सात जण दगावले. मे २०२५ मध्ये हैदराबादला चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागातल्या जुन्या दुमजली इमारतीत सकाळी सहाच्या सुमारास आग लागून १७ जण गेले, आणि त्या इमारतीत शिरायला-निघायला एकच अरुंद वाट होती. यांतली एकही इमारत टॉवर म्हणावी अशी नव्हती. बहुतेक ठिकाणी आग खाली होती आणि माणसं वर होती. वेळ झोपेची किंवा नुकती जाग येण्याची होती.

तरीही इमारतीची आग म्हटली की आपल्याला उंच टॉवर आठवतात: २०१८ चा परळचा क्रिस्टल टॉवर, २०२२ ची ताडदेवची कमला इमारत. त्या दोन्ही ठिकाणी बसवलेली अग्निशमन यंत्रणा ऐन वेळी चालली नाही, आणि त्यावर बराच काळ चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या चर्चेत एक समज आपसूक पक्का होत गेला, की फायर अलार्म, हूटर, डिटेक्टर हे सगळं उंच इमारतींचं प्रकरण आहे. नियमांची रचनाही याच समजाला बळ देते. राष्ट्रीय बांधकाम संहिता, म्हणजे एनबीसी २०१६, पंधरा मीटर आणि त्यावरच्या इमारतीला उंच इमारत मानते आणि तिथून पुढे अपेक्षा चढत जातात. तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांची साधी निवासी इमारत या रेषेच्या खाली राहते आणि तिच्याकडून फायर अलार्मची अपेक्षा केली जात नाही. दादर-गिरगावपासून नौपाडा, डोंबिवली, सदाशिव पेठेपर्यंत सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या हजारो छोट्या सोसायट्या अशा प्रकारे नियमाच्या नजरेआड आहेत.

माझं म्हणणं असं, की अलार्म कुठे हवा हे ठरवायला उंची हे माप अपुरं आहे. उंची महत्त्वाची ठरते ती आग विझवणाऱ्यांसाठी. मजले वाढले की बंबाची शिडी पोचत नाही, पाणी वर चढवायला पंप लागतो, जवानांना साहित्य घेऊन चढावं लागतं. म्हणून उंच इमारतीला स्वतःची पाण्याची टाकी, रायझर, पंप हे सगळं हवं. हा हिशेब बरोबर आहे. पण अलार्मचं काम आग विझवणं नाही. झोपलेल्या माणसाला वाट मोकळी असेतोवर उठवणं हे त्याचं काम. त्यासाठी विचारायचे प्रश्न निराळे: बाहेर पडायला वाटा किती, आग बहुधा कुठे लागेल, ती लागली तर कुणाच्या नजरेस पडेल, आणि वर किती माणसं दारं लावून झोपली आहेत? या प्रश्नांवर जुनी छोटी इमारत टॉवरपेक्षा जास्त असुरक्षित ठरते. टॉवरला निदान दोन जिने असतात, बऱ्याच ठिकाणी जिन्याला आगरोधक दार असतं, रात्री लॉबीत जागा माणूस असतो. बारा कुटुंबांच्या जुन्या इमारतीला एक उघडा जिना असतो आणि वॉचमन असलाच तर तो शेजारच्या दोन इमारतींचाही असतो.

त्या जिन्याच्या तळाशी काय असतं ते एकदा थांबून बघायला हवं. बहुतेक जुन्या इमारतींत जिन्याखालच्या त्रिकोणी जागेत मीटरबॉक्स असतो. लाकडी किंवा पत्र्याचं कपाट, आत ओळीने मीटर, त्यांच्यामागे वर जाणाऱ्या केबलींचा जुडगा. ही वायरिंग झाली तेव्हा एका घराचा भार म्हणजे दोन पंखे, चार-पाच दिवे, फार तर एक फ्रिज. आज त्याच घरात दोन एसी, गिझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह असतो. घराच्या आतली वायरिंग लोक बदलून घेतात. मीटरपासून घरापर्यंतची समाईक वायर कुणाचीच नसल्यामुळे तशीच राहते. सैल झालेल्या जोडाशी उष्णता साठते, वायरीचं आवरण मऊ होतं, करपतं, आणि ते बंद कपाटात तासन्‌तास कुणाला न कळता चालू शकतं. त्या कपाटाला टेकून सायकली असतात, नव्या दुचाकी असतात, आता चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटरही असते. कपाटाच्या माथ्यावर गणपतीच्या मखराचे थर्माकोल, जुने पाइप, रंगाचे डबे. म्हणजे आग लागण्याची सगळ्यात शक्य जागा आणि बाहेर पडण्याची एकमेव वाट या दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. वर तिसऱ्या मजल्यावर कुणी दार उघडेल तेव्हा समोर जिना नसेल, धूर असेल; आणि खिडक्यांना चोरांच्या भीतीने बसवलेली बॉक्स ग्रिल असेल.

या मांडणीला पहिला आक्षेप आपुलकीतून येतो. छोट्या इमारतीत सगळे एकमेकांना ओळखतात, काही झालं तर कुणीतरी ओरडेल, कुणीतरी दार वाजवेल. यात तथ्य आहे. चाळीत आणि जुन्या वाड्यांत माणसांचं लक्ष हीच सगळ्यात चांगली सूचनायंत्रणा होती. दारं दिवसभर उघडी असत, रात्री गॅलरीत कुणी ना कुणी झोपलेलं असे, कुणाच्या घरातून करपट वास आला तर शेजारीण विचारायला येई. पण ही व्यवस्था ज्या गोष्टींवर उभी होती त्या गेल्या. एसीमुळे खिडक्या बंद झाल्या, गॅलऱ्या आत घेतल्या गेल्या, दाराबाहेर आणखी एक सेफ्टी डोअर आलं. निम्म्या घरांत वयस्क जोडपी एकटी आहेत, काही फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत, एखादा बंद आहे. आणि चाळीच्या सुवर्णकाळातही त्या व्यवस्थेला एक मोठी उणीव होतीच: झोपेत वास येत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मेरी कार्स्काडन आणि रेचल हर्झ यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झोपलेल्या माणसांना पुदिन्याचा वास आणि पिरिडिन या अतिशय उग्र रसायनाचा वास दिला. गाढ झोपेत दोन्ही वासांनी माणसं जागी झाली नाहीत, आवाजाने झाली. प्रयोगात माणसं मोजकीच होती, पण त्यातून जे दिसलं ते अलार्मच्या साऱ्या विचाराचा पाया आहे. ‘धुराचा वास आला की जाग येईलच’ हा घरोघरचा विश्वास आहे आणि तो खोटा आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर झोप आणखी गाढ करतो.

वेळही पूर्वीइतका राहिलेला नाही. अमेरिकेच्या मानक व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, सत्तरच्या दशकातल्या घरगुती आगीच्या चाचण्यांची तुलना २००४ मधल्या चाचण्यांशी केली. ज्वाळांनिशी पेटणाऱ्या आगीत, अलार्म वाजल्यापासून सुटकेसाठी हाती असणारा वेळ पूर्वी साधारण १७ मिनिटं होता, तो काही चाचण्यांत जेमतेम ३ मिनिटांवर आला. लाकूड-कापसाच्या जागी फोमच्या गाद्या, सिंथेटिक पडदे, प्लास्टिकचं सामान आलं हे त्याचं मुख्य कारण. आपल्याकडेही कापसाची गादी जाऊन फोमची आली, लाकडी कपाटाच्या जागी प्लाय आणि लॅमिनेट आलं. काही जण म्हणतील की अमेरिकेतली घरं लाकडाची, आपली काँक्रीटची. तिथले आकडे इथे लावू नयेत. काँक्रीट पेटत नाही हे खरं. पण काँक्रीट वाचवतं ते इमारतीला. आतलं सामान जळतं, त्याचा धूर होतो, आणि भिंती जितक्या भक्कम तितका तो जिन्याच्या पोकळीतून सरळ वर जातो. छावणीतल्या त्या कुटुंबाच्या घरापर्यंत आग गेलीच नव्हती, हे पुन्हा आठवावं. अमेरिकेच्या एनएफपीए या संस्थेच्या अहवालानुसार, जिथे चालू स्थितीतला स्मोक अलार्म होता अशा घरांतल्या आगींत मृत्यूचं प्रमाण साधारण ६० टक्क्यांनी कमी होतं. आपल्याकडे हे प्रमाण तंतोतंत तेवढंच निघेल असं मी म्हणणार नाही. फरक कोणत्या बाजूला पडेल याबद्दल मात्र शंका नाही.

आता आवाजाचा हिशेब, कारण इथेच बहुतेक सोसायट्यांचा पैसा वाया जातो. सोसायटीने मनावर घेतलंच तर होतं काय, की कॉन्ट्रॅक्टर येतो, तळमजल्यावर एक लाल पॅनेल लावतो, दर मजल्याच्या चौकात काच फोडून दाबायचं बटण आणि एक हूटर बसवतो. हूटर एक मीटरवर १०० डेसिबल आवाज करतो असं धरू. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे चार मीटरवरच्या मुख्य दारापाशी तो ८८ राहिला. बंद लाकडी दार साधारण २० डेसिबल खातं, उरले ६८. बेडरूमचं दार बंद असेल तर आणखी २० जातात, उशीपाशी पोचले ४८. झोपलेल्या माणसाला उठवायला उशीपाशी ७५ डेसिबल हवेत, असं ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही मानकं सांगतात. जुना एसी किंवा जुलैतला पाऊस सहज ४५-५० डेसिबलचा असतो. म्हणजे चौकात कान किटवणारा तो हूटर आत झोपलेल्या आजोबांपर्यंत पावसाच्या आवाजाइतकाच पोचतो. शिवाय वय वाढतं तसं उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि नेहमीच्या अलार्मचा आवाज नेमका तीन हजार हर्ट्झच्या आसपास, उंच पट्टीचा असतो. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत झालेल्या संशोधनात ५२० हर्ट्झच्या खालच्या पट्टीतल्या भरड आवाजाने मुलं आणि कमी ऐकू येणारे वृद्ध कितीतरी जास्त वेळा जागे झाले. आपल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांचं वय बघता ही बारीकसारीक बाब नाही. निष्कर्ष सरळ आहे: आग ओळखणारा डिटेक्टर जिन्यात आणि मीटरबॉक्समध्ये हवा, पण वाजणारं यंत्र घराच्या आत, झोपायच्या खोलीपाशी हवं. हे दोन भाग तारेने किंवा रेडिओ लहरींनी जोडता येतात. एक वाजला की सगळे वाजतात.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो पहिल्यापेक्षा बराच वजनदार आहे. घराघरांत जोडलेला अलार्म म्हणजे कुणाच्याही स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की अख्खी इमारत जागी. संध्याकाळी धूप, गणपतीत आरतीचा कापूर, दिवाळीत फटाके, पावसाळ्यात बाष्प. ऑप्टिकल डिटेक्टरच्या अंधाऱ्या कप्प्यात प्रकाश विखरायला धूर लागतोच असं नाही, धूळ चालते, झुरळ शिरलं तरी चालतं. चार वेळा खोटा वाजला की पाचव्या वेळी कुणी उठत नाही, आणि सहाव्या वेळी सेक्रेटरी पॅनेलची वायर काढून ठेवतो. याचं भयंकर रूप ९ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ट्विन पार्क्स इमारतीत दिसलं. १९७२ मध्ये बांधलेल्या त्या १९ मजली इमारतीत एका घरातल्या हीटरमुळे आग लागली आणि १७ जण धुराने गेले, त्यांत आठ मुलं होती. अलार्म वाजला होता. पण तो इतक्या वेळा विनाकारण वाजत आला होता, की अनेक रहिवाशांनी आधी लक्षच दिलं नाही. दारं आपोआप बंद व्हायला हवी होती, ती झाली नाहीत, आणि धूर जिन्यांत भरला. ज्यांना अलार्म म्हणजे नसती डोकेदुखी वाटते, त्यांची भीती या घटनेने खरी ठरवली आहे. खोटा वाजणारा अलार्म हा नुसता त्रास नसतो. तो खऱ्या वेळेचा विश्वास आधीच खर्च करून टाकतो.

म्हणून सगळं सगळ्याला जोडणं ही चूक आहे. जुन्या छोट्या इमारतीसाठी दोन वेगळी वर्तुळं आखली पाहिजेत. घराच्या आतला अलार्म त्या घरापुरता वाजावा. फोडणीचा धूर ही त्या घराची बाब आहे आणि पंखा लावून ती मिटते. स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर मुळीच नको. तिथे उष्णता ओळखणारा लावावा, जो साधारण साठ अंशांच्या आसपास किंवा तापमान झपाट्याने चढलं तरच बोलतो. देवघर आणि बाथरूमच्या दारापासूनही धुराचा डिटेक्टर लांब ठेवावा. दुसरं वर्तुळ समाईक जागेचं: मीटरचं कपाट, दुचाकींची जागा, पंपाची खोली आणि जिन्याचा माथा. तिथे ना फोडणी असते ना धूप, आणि तिथे धूर दिसला तर तो सगळ्यांचाच प्रश्न असतो. हे वर्तुळ जागं झालं की प्रत्येक घरातलं यंत्र वाजावं. एखाद्या बंद घरातली आग वाढली तर तिचाही धूर दाराच्या फटीतून जिन्यात येणारच, आणि तेव्हा हे वर्तुळ तो पकडेल. जिन्याच्या माथ्याचा उल्लेख मुद्दाम केला. जुन्या इमारतींच्या जिन्याला सिमेंटच्या जाळ्या असतात आणि त्यांतून धूर बाहेर जातो. ती त्या काळच्या बांधकामाची चांगली देणगी आहे. पण पाऊस आणि कबुतरं नकोत म्हणून अनेक सोसायट्यांनी त्या जाळ्या पारदर्शक पत्र्यांनी बंद केल्या, आणि वर गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. आता धूर माथ्याशी साठतो आणि तिथून मजल्यामजल्याने खाली उतरतो. सगळ्यात वरच्या घराला तो सगळ्यात आधी गाठतो. तिथला डिटेक्टर काही मिनिटं मिळवून देईल. ते पत्रे काढले आणि गच्चीचं कुलूप आतून चटकन उघडेल असं केलं, तर आणखी काही.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे. ब्रिटनमध्ये फ्लॅटच्या इमारतींना सामायिक अलार्म लावू नये असाच आजवरचा प्रघात आहे: ज्या घरात आग लागली तेवढंच बाहेर पडावं, बाकीच्यांनी घरातच राहावं, कारण सगळे एकदम जिन्यात आले तर धुरात सापडतील. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली आणि या धोरणावर मोठं प्रश्नचिन्ह लागलं. तरी त्यामागचा विचार टाकून देण्यासारखा नाही. तो एका अटीवर उभा आहे, की प्रत्येक घर ही आगीपुरती बंद पेटी असेल: आगरोधक, आपोआप मिटणारं दार, भिंतींत कुठेही पोकळी नाही. आपल्या जुन्या इमारतीत ही अट कुठेच पुरी होत नाही. मुख्य दारावर झरोका असतो, डक्टमधून सगळ्या बाथरूम एकमेकांशी जोडलेल्या असतात, दार प्लायचं असतं. त्यामुळे घरात थांबणं हा पहिला पर्याय होऊ शकत नाही. जिना मोकळा असेतोवर बाहेर पडणं हाच पहिला पर्याय, आणि तो अलार्म लवकर वाजला तरच खुला असतो. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग स्वीकारायलाच हवा. अलार्म वाजला म्हणजे डोळे मिटून जिन्याकडे धावायचं असं शिकवलं तर माणसं मरतील. दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने ते गरम आहे का बघायचं, किंचित उघडून जिन्यात धूर दिसला तर परत लावून घ्यायचं, फटीत ओले टॉवेल कोंबायचे, रस्त्याकडच्या खिडकीत जायचं आणि १०१ ला नेमका मजला सांगायचा. क्रिस्टल टॉवरच्या आगीत दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावला आणि त्यांना धीर दिला. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. तिच्याकडे कोणतंही यंत्र नव्हतं, पण काय करायचं ते माहीत होतं. अलार्म आणि ही माहिती एकमेकांशिवाय निरुपयोगी आहेत, म्हणून यंत्र ज्या दिवशी बसेल त्याच दिवशी प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाला, भाडेकरूला आणि रात्री राहणाऱ्या कामवाल्या मावशींनाही, हे समजावून सांगितलं पाहिजे.

यंत्र बसवल्यावर ते जिवंत कोण ठेवणार, हा प्रश्न बसवण्याहून अवघड आहे. पॅनेलच्या आत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. तीन ते पाच वर्षांत त्या दम टाकतात. पॅनेल ते सांगतंही: पिवळा दिवा लागतो, बझर पीं-पीं करू लागतो. बझर गप्प करायचं बटण शेजारीच असतं आणि ते कुणीतरी दाबतं. पिवळा दिवा त्यानंतर वर्षानुवर्षं तसाच जळत राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच सामान्य वाटू लागतो. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ ने यासाठी एक चांगली सोय केली आहे: जिथे यंत्रणा बंधनकारक आहे तिथे ती चालू स्थितीत आहे असा दाखला परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत, ‘फॉर्म बी’मध्ये द्यावा लागतो. छोट्या इमारतींसाठी मी याच जातीची पण याहून सोपी तरतूद मागेन. आदर्श उपविधींत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायला सांगितलं आहे, आणि हळूहळू का होईना, सोसायट्यांना ती सवय लागली. त्याच ऑडिटमध्ये चार बाबी जोडाव्यात: मीटरबॉक्सची तपासणी, समाईक डिटेक्टर चालू आहेत का, घरातली यंत्रं दहा वर्षांपेक्षा जुनी तर नाहीत ना, आणि जिना मोकळा आहे का. दहा वर्षं हा स्मोक अलार्मचा ठरलेला आयुष्यकाळ आहे. त्यानंतर दिवा लुकलुकत असला तरी सेन्सरवर भरवसा ठेवता येत नाही. दर महिन्याला टेस्टचं बटण दाबण्याचं काम एका माणसाच्या नावावर असावं, आणि ते नाव मेंटेनन्सच्या बिलावर छापलेलं असावं.

जुन्या इमारतींवर कायद्याने सगळंच लादलं तर काय होतं याचा धडा हाँगकाँगने दिला आहे. तिथे १९८७ च्या आधीच्या इमारतींना नव्या अग्निसुरक्षा निकषांच्या जवळ आणणारा कायदा २००७ मध्ये अमलात आला. जॉर्डन भागातल्या १९६४ च्या न्यू लकी हाऊसला २००८ मध्ये सुधारणांचे आदेश मिळाले; एप्रिल २०२४ मध्ये तिथे आग लागून पाच जण गेले तेव्हाही ते आदेश पूर्ण झालेले नव्हते. मालक अनेक, खर्च मोठा, एकमत नाही, पाण्याच्या टाकीला गच्चीवर जागा नाही. हे वाचताना आपल्याच एखाद्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचतोय असं वाटावं. यातून मी काढतो तो निष्कर्ष असा, की जुन्या इमारतीकडे आधी तेवढंच मागावं जे ती आजच्या आज करू शकते. स्प्रिंकलर, दुसरा जिना, मोठी टाकी हे तिच्या आवाक्याबाहेर आहे. दहा-बारा घरांतली यंत्रं आणि चार समाईक डिटेक्टर हे आवाक्यात आहे. इमारतीला बाहेरून रंग काढायच्या खर्चाचा तो लहानसा हिस्सा असतो आणि दुरुस्ती निधीतून होऊ शकतो. मोठ्या मागणीच्या ओझ्याखाली छोटी, शक्य असलेली गोष्टही राहून जाणं हा सगळ्यात मोठा तोटा आहे.

उरला तो आक्षेप जो प्रत्येक सभेत शेवटी येतो आणि विषय संपवतो: आता कशाला, रिडेव्हलपमेंट होणारच आहे. हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो, कारण तो व्यवहारी वाटतो आणि त्याचे परिणाम सगळ्यात वाईट आहेत. बिल्डर ठरतो, बदलतो, दोन सभासद न्यायालयात जातात, मंजुऱ्या अडकतात; ‘दोन वर्षांत’ म्हणता म्हणता दहा निघून जातात. आणि ही मधली वर्षं इमारतीच्या आयुष्यातली सर्वांत धोक्याची असतात. पाडायचीच आहे म्हणून वायरिंगला कुणी हात लावत नाही. तळमजल्याचा रिकामा फ्लॅट कुणाचं तरी गोदाम होतो आणि तिथे कापडाचे गठ्ठे, पुठ्ठे, थिनरचे डबे येतात. ज्यांना परवडतं ते आधीच दुसरीकडे राहायला जातात; मागे उरतात ते वयस्क, भाडेकरू आणि ज्यांना दुसरीकडे जाणं शक्य नाही असे लोक. शेजारचं घर बंद असल्यामुळे दार वाजवणारं, हाक मारणारं माणूसही नसतं. रेडिओ लहरींवर चालणारी यंत्रं भिंतीला दोन स्क्रूंनी लागतात, भिंत फोडावी लागत नाही, आणि इमारत रिकामी करायच्या दिवशी ती काढून ज्या भाड्याच्या घरात जायचं तिथे लावता येतात. त्यामुळे हा खर्च पाडकामाबरोबर मातीत जातो, हा युक्तिवादही टिकत नाही. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तिच्या विषयपत्रिकेत रिडेव्हलपमेंटच्या आधीचा क्रमांक या विषयाला मिळाला पाहिजे, आणि तो ठराव त्याच सभेत, रकमेसकट आणि जबाबदार माणसाच्या नावासकट, मंजूर व्हायला हवा.